वेशीबाहेरचा देव

1857 सालच्या पहिल्या काही महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. ऐकायला गर्दी लोटायची. ते वाद नंतर पुस्तकरूपाने छापूनही आले. त्याआधी 1831 सालापासूनच मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकर भांडले होते. देव या विषयावर महाराष्ट्रात हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात झालेले बोलणे बहुतांशी असे, समोरच्याला चीत करण्यासाठी झालेले आहे.

खालचा संवाद कल्पित आहे, त्यातले मुद्दे नाहीत. बुवा कीर्तनकार, वारकरी, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेले. बाई अहिल्यानगरच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, निवृत्त शिक्षिका. दोघांची ओळख जुनी असल्यामुळे एकमेकांना बरे वाटावे म्हणून बोलण्याची गरज त्यांना उरलेली नाही.

बुवा : मला तर यात वादाचं काही दिसतच नाही, बाई. देव एक, नावं अनेक. तुम्ही येशू म्हणा, मी विठ्ठल म्हणतो.

बाई : असं म्हटलं की बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपतं. तुम्ही मला घरात घेता, पण माझं सामान बाहेरच ठेवायला सांगता. येशू तुमच्या देव्हाऱ्यात बसला, तर त्याचा वधस्तंभ कुठे जातो?

बुवा : म्हणजे मोठ्या मनानं घेतलं तरी चूकच?

बाई : मोठं मन दाखवण्याच्या भरात समोरच्याचं म्हणणं ऐकायचं राहून जातं. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रीकृष्ण म्हणतात, दुसऱ्या देवतांना श्रद्धेनं भजणारेही मलाच भजतात, फक्त विधी सोडून. मी त्यात बसते खरी. पण मला न विचारता, आणि चुकत असलेली म्हणून.

बुवा : आणि तुमच्याकडे काय वेगळं आहे? मिशनरी फार्कर यांनी 1913 साली ‘द क्राउन ऑफ हिंदुइझम’ लिहिलं. ख्रिस्त हा हिंदू धर्माचा मुकुट, म्हणजे आम्ही नुसतं डोकं! कार्ल राहनर नावाचे जेझुइट तर म्हणाले, की भला माणूस कुठल्याही धर्मातला असो, तो निनावी ख्रिस्तीच. मलाही कुणी विचारलं नव्हतं.

बाई : फिटंफाट झाली. दोन्हीकडचं औदार्य एकाच जातीचं आहे. तर मग ‘सगळं एकच’ हे वाक्य आज वापरायचं नाही, असं ठरवू या.

बुवा : चालेल. तत्त्वज्ञानातून जाऊ. परब्रह्म निर्गुण आहे, शब्दात सापडत नाही. हे नव्हे, ते नव्हे, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येतं, असं बृहदारण्यक उपनिषद सांगतं. तुमचे थॉमस अक्विनासही लिहितात, की देव काय आहे यापेक्षा तो काय नाही हेच आपल्याला जास्त कळतं. इथे तर हात मिळतो ना?

बाई : मिळतो. पण दोघंही गप्प बसण्यावर एकमत झाले, एवढाच त्याचा अर्थ. गप्प बसणाऱ्याशी कुणाचं भांडण होणार? प्रश्न येतो तो देव बोलायला लागतो तेव्हा, रूप घेतो तेव्हा.

बुवा : बरं, रूपाकडे येऊ. ब्रह्मबांधव उपाध्याय हे बंगाली, पण आपल्या मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांच्याच पिढीतले. जन्मानं ब्राह्मण, पुढे कॅथलिक झाले. त्यांनी 1898 साली संस्कृतात स्तोत्र रचून त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन केलं. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. तमिळनाडूत कावेरीकाठी 1950 साली दोन फ्रेंच साधकांनी आश्रम काढला, त्यालाही सच्चिदानंद हेच नाव दिलं.

बाई : स्तोत्र सुंदर आहे, आणि त्यामागची तळमळही खरी आहे. पण जोड्या लावा या प्रश्नात पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून दोन गोष्टी एक होत नाहीत. सच्चिदानंद हे एका ब्रह्माचं स्वरूप. पिता पुत्रावर प्रेम करतो, पुत्र पित्याला हाक मारतो, तसं सत् चित्‌ला हाक मारत नाही. आमच्याकडे देवातच नातं आहे.

बुवा : हे मान्य. अद्वैतात हाक मारायला दुसरा उरतच नाही. पण म्हणूनच आमच्या संतांनी नुसत्या अद्वैतावर भागवलं नाही. ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभव’ लिहिला आणि वारीही चालवली. भक्तीसाठी दोघं लागतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिव आणि शक्ती एकमेकांवाचून नाहीत, हा तर त्या ग्रंथाचा आरंभच.

बाई : हा दुवा मला सच्चिदानंदापेक्षा जवळचा वाटतो. पण देव रूप घेतो तेव्हा आपली वाट फुटते, ते टाळू नका. तुमचे अवतार दहा, काही ठिकाणी चोवीस, आणि पुन्हा येणारच. आमच्याकडे एकदाच. दर रविवारी उपासनेत विश्वास कबूल करताना आम्ही पंतय पिलाताचं नाव घेतो. एका रोमी अधिकाऱ्याचं! का? तर ही गोष्ट अमक्या सुभ्यात, अमक्या सुभेदाराच्या काळात खरोखर घडली, हे विसरू नये म्हणून.

बुवा : इतिहासावर तुमचा फार भर. आम्हाला कृष्ण कोणत्या साली जन्मला याची चिंता नाही. दर गोकुळाष्टमीला मध्यरात्री तो जन्मतोच.

बाई : पण मरतो का? इथेच माझी अडचण आहे. 451 साली कॅल्सिडॉनच्या परिषदेत ठरलं, की येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. पूर्ण मनुष्य म्हणजे घाबरलेला, तहानलेला, मेलेला.

बुवा : कृष्णही मेला. महाभारताचं मौसलपर्व काढा. सगळा यदुवंश आपसात मारामारी करून संपला आणि जरा नावाच्या व्याधाचा बाण पायाला लागून कृष्ण गेला. रानात, एकटा.

बाई : मग त्या मरणावर तुमचं कीर्तन कुठे असतं?

बुवा : (थांबून) फारसं नसतं. खरं आहे. आम्ही जन्मकाळ करतो, काला करतो, दहीहंडी फोडतो. तो बाण आम्ही बाजूला ठेवला. पण एक सांगू? तुम्ही उलट केलंत. वधस्तंभ इतका मोठा केलात, की जेवणावळीत बसणारा, लग्नघरी द्राक्षारस कमी पडू न देणारा येशू त्याच्या सावलीत गेला. माझ्या काल्याच्या कीर्तनात तो येशू सहज रमला असता.

बाई : हे पाळकांना सांगते. पुढच्या रविवारी उपयोगी पडेल.

बुवा : आता माझा राग ऐका. टिळकांना तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्त भेटला, असं तुमच्याकडे अभिमानानं सांगतात. अहो, पूल इतका चांगला होता तर ओलांडायचा कशाला? पापाची कबुली, देवाच्या दयेची भीक, पतितपावन हे नाव, सगळं तुकोबांकडे होतं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन त्यांना जास्तीचं काय मिळालं?

बाई : त्यांनी पूल जाळला नाही, हे आधी लक्षात घ्या. अभंगच लिहिले, मराठीतच देवाला आळवलं. आमच्या ‘उपासना संगीत’मधून त्यांची गाणी काढली तर पुस्तक निम्मं बोलेनासं होईल. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं ठेवून ते 1919 साली गेले. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी, आणि त्या काही नवऱ्याच्या मागोमाग निमूट गेलेल्या नव्हत्या. नवरा बाटला म्हणून कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही आपलं सोवळं आणि आपली चूल सांभाळली, आणि स्वतःला पटलं तेव्हाच, 1900 साली, बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचा. आधी जात गळून पडते, मग धर्म बदलतो.

बुवा : म्हणजे जास्तीचं मिळालं ते जातीतून सुटणं?

बाई : तेवढंच नाही, पण ते आहेच. आता माझा राग. तुमच्याकडे कृपा आहे, पण तिच्या बाजूला कर्म बसलेलं आहे. महार संत चोखोबांच्या नावावरच्या अभंगांत आपल्या जन्माचा दोष मागच्या जन्मीच्या करणीवर घातलेला दिसतो. त्या माणसाला देवळाच्या दारातून हाकललं, आणि वर हेही पटवलं की चूक तुझीच आहे, फक्त तुला आठवत नाही. अशा हिशेबात पतितपावन काय करणार?

बुवा : चोखोबांच्या मुलाला, कर्ममेळ्याला, ते पटलेलं नव्हतं. त्याचे अभंग देवालाच जाब विचारतात. तेही आमच्याच गाथेत आहेत. पण मुद्दा टाळत नाही. कर्मसिद्धान्त स्वतःकडे बघायला वापरला तर माणूस जबाबदार होतो, दुसऱ्याकडे बघायला वापरला तर निर्दय होतो. आम्ही तो बहुतेक वेळा दुसऱ्याकडे बघायलाच वापरला. आता तुमचा हिशेब काढू? माझे सगळे वाडवडील कुठे आहेत?

बाई : तुम्ही नरकाकडे निघालात.

बुवा : मी नाही, तुम्ही पाठवलेत! फ्रान्सिस झेवियरच्या पत्रात आहे, की जपानमध्ये नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक आपल्या पूर्वजांसाठी रडत; त्यांची सुटका आता होणार नाही असं त्यानं सांगितलं होतं. कर्मात निदान पुढची संधी असते. कायमच्या नरकात काय असतं?

बाई : याला माझ्याकडे जुन्या शिकवणुकीतून बचाव नाही. कॅथलिक चर्चनं 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मान्य केलं, की ज्यांनी आपला दोष नसताना ख्रिस्ताला ओळखलं नाही पण प्रामाणिक मनानं देवाला शोधलं, त्यांनाही तारण मिळू शकतं. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळींत यावर आजही दोन तट आहेत. माझं विचाराल, तर ज्या देवानं वधस्तंभावरून मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तो तुमच्या आजोबांचं नाव यादीत नाही म्हणून दार लावून घेईल, हे मला पटत नाही.

बुवा : आजोबांच्या वतीनं आभार.

बाई : थट्टा पुरे. आता आपण उभे आहोत कुठे? तत्त्वज्ञानात हात मिळतो, पण रिकामा. तुमचा अवतार आणि आमचं देहधारण यांत फरक आहे. कर्म आणि नरक दोघांनाही अवघड जातात.

बुवा : एक जागा अजून आपण पाहिली नाही. ती पुस्तकात नाही, सोलापूर जिल्ह्यात आहे. मंगळवेढं.

बाई : दामाजीपंतांचं?

बुवा : तेच. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. दुष्काळ पडला, दामाजीपंतांनी बेदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी खुली केली. बादशहानं पकडून आणायला माणसं धाडली. आणि पंत पोचायच्या आधीच दरबारात एक महार हजर झाला. अंगावर घोंगडी, हातात काठी. विठू महार. त्यानं सगळ्या धान्याचे पैसे मोजले, पावती घेतली आणि नाहीसा झाला. महिपतींनी ‘भक्तविजया’त ही कथा रंगवून सांगितली आहे.

बाई : महिपती आमच्या राहुरीजवळच्या ताहराबादचे. आणि त्या ‘भक्तविजया’चं इंग्रजी भाषांतर केलं ते आमच्या अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी, नरहर गोडबोल्यांच्या सोबतीनं. आमच्या माणसाला ही कथा परकी वाटली नाही, यात काही नवल नाही. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलंय, की ख्रिस्तानं देवाच्या बरोबरीचं असणं धरून ठेवलं नाही, स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं. शेवटच्या रात्री त्यानं कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्राला ते सहन झालं नाही. देवानं इतकं खाली यावं हे भक्तालाच आवडत नाही.

बुवा : आणि वारीत? दिंडीत समोर येईल त्याच्या पायाला हात लावायचा. वय बघायचं नाही, हुद्दा बघायचा नाही. सत्तरीचे बुवा वीस वर्षांच्या पोराला वाकून ‘माउली’ म्हणतात आणि पोरगं त्याच क्षणी त्यांच्या पायाशी वाकतं. कधीकधी डोकी एकमेकांवर आपटतात. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी तुमच्याकडेही पाय धुतात ना?

बाई : कॅथलिकांकडे नेमानं, आमच्याकडे काही मंडळ्यांत. बारा जणांना बाकावर बसवतात, फादर गुडघे टेकून प्रत्येकाच्या पायावर पाणी घालतात, पुसतात. मात्र ते वर्षातून एकदा, आणि पाय आधीच घरून स्वच्छ धुऊन आणलेले असतात. तुमचं डोकी आपटण्याइतकं खरं आहे.

बुवा : तर ही आपली जागा. दोघांचाही देव वरून हुकूम सोडत बसत नाही, खाली येतो. नुसता माणूस होत नाही, माणसांतला शेवटचा होतो.

बाई : थांबा. इतक्यात समेट करू नका. मंगळवेढ्याची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. त्याच गावचे चोखोबा.

बुवा : (हळू) हो.

बाई : 1338 साली मंगळवेढ्याच्या वेशीचं काम चाललं होतं. तिथे ते वेठीला होते. भिंत कोसळली आणि बाकीच्या मजुरांबरोबर तेही गाडले गेले. नामदेवांनी त्यांची हाडं गोळा केली. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. ती हाडं पंढरपुरात आणली आणि पुरली कुठे? महाद्वारासमोर, रस्त्यावर. मेल्यावरसुद्धा दाराबाहेर. दामाजीपंत त्यांच्या पुढच्या शतकातले. म्हणजे ज्या गावात खरा महार भिंतीखाली मेला, त्याच गावानं नंतर गोष्ट सांगितली, की देव महार होऊन आला. हा देव खाली वाकला की गावानं आपलं मन हलकं करून घेतलं?

बुवा : तुम्ही नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मी याचा वेगळा अर्थ लावतो. एखादी गोष्ट गावाच्या मनाला टोचत राहिली की ती कथेतून बाहेर पडते. विठू महाराची कथा हा मंगळवेढ्याचा कबुलीजबाब आहे, असं मला वाटतं. आम्ही ज्याला वेठीला धरलं, तोच आमचं कर्ज फेडायला आला.

बाई : असं असेल तर हीच माझी शुभवार्ता आहे, बुवा. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय काढा. येशूनं वेशीबाहेर दुःख सोसलं, असं तिथे लिहिलंय. यरुशलेमात मंदिर होतं, याजक होते, होमबली होते. पण तो मेला गावाबाहेर, गुन्हेगारांच्या जागी. आणि पत्र लिहिणारा पुढे म्हणतो, चला, आपणही त्याच्याकडे वेशीबाहेर जाऊ.

बुवा : आम्ही पंढरपुरात पोचलो की देवाआधी चोखोबांच्या समाधीपुढे डोकं टेकतो. मात्र त्याच दारातून आत जायला त्यांच्या लेकरांना 1947 साल उजाडावं लागलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्याच्या उन्हात दहा दिवस उपोषण करावं लागलं. समाधीवर डोकं ठेवणारेच दार अडवून उभे होते.

बाई : आमचा हिशेबही लिहून घ्या, म्हणजे तुम्हाला एकट्याला वाईट वाटणार नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. 1616 साली रायतूरला त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. सुमारे अकरा हजार ओव्या, ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या. इतकं प्रेमानं मराठी लिहिणारा परदेशी विरळा. पण त्या पुराणाच्या आरंभीच प्रसंग आहे, की नवख्रिस्ती माणूस म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग वाचायला दुसरं काही तरी द्या. त्या सुंदर ग्रंथाच्या पायाशी ही बंदी आहे. गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय 1560 ते 1812 चाललं. वेशीबाहेर मेलेल्याच्या नावानं दुसऱ्यांना वेशीबाहेर काढलं. आणि जात? गोव्यात ब्राह्मण ख्रिस्ती आणि चारडो, म्हणजे क्षत्रिय, ख्रिस्ती यांच्या कॉन्फ्रारी, म्हणजे चर्चमधल्या बंधुमंडळ्या, वेगवेगळ्या होत्या. तमिळनाडूत दफनभूमीतसुद्धा जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. आमच्या नगरकडेही सोयरीक जुळवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न हळूच येतोच.

बुवा : मग आपली सामाईक जमीन सापडली, पण ती अशी निघाली. देव खाली आला, यावर एकमत. भक्त खाली आले नाहीत, यावरही एकमत.

बाई : आणि म्हणूनच मला ती खरी वाटते. ‘सगळे धर्म चांगलं शिकवतात’ यावर एकमत व्हायला काही मोजावं लागत नाही. इथे दोघांनाही आपल्याच देवाकडून बोलणी खावी लागतात. कोणाचा देव मोठा हा प्रश्न त्याच्यापुढे टिकत नाही. प्रश्न एवढाच उरतो, की वेशीबाहेर आज कोण आहे, आणि आपण दाराच्या कुठल्या बाजूला आहोत.

बुवा : तरी एक गोष्ट राहते. तुम्ही म्हणता तो एकदाच वेशीबाहेर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्या एकदाचमध्ये सगळं आलं. मला ते पटत नाही. माझा देव मंगळवेढ्याला आला, एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीनं पाणी भरायला आला, जनाबाईच्या जात्याला हात लावायला आला. जिथे कुणी वाकलं तिथे तो येतो. एकदाच हा हिशेब मला आखूड वाटतो.

बाई : आणि मला तुमचा फार सैल वाटतो. तो दरवेळी पैसे मोजून, पाणी भरून, दळण दळून निघून जातो. माझा भिंतीखाली राहिला. चोखोबांबरोबर भिंतीखाली असलेला देव मला हवा आहे. नंतर पावती घेऊन येणारा पुरत नाही. आणि तो त्या भिंतीखालून उठला म्हणूनच चोखोबांनाही उठवील, अशी आशा मी धरते. तुम्ही पुन्हा जन्म म्हणता, मी पुनरुत्थान म्हणते. यात तडजोड करायला गेलो तर दोघंही खोटं बोलू.

बुवा : नका करू. मीही करत नाही. पण हाडांतून नाम येत होतं, म्हणजे भिंतीखाली देव नव्हता असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

बाई : (हसून) हा मुद्दा चांगला काढलात. याला माझ्याकडे आज उत्तर नाही.

बुवा : मग मला एक परवानगी द्या. पुढच्या कीर्तनात चोखोबांचं आख्यान लावणार आहे. त्याआधी तुमचा तो तेरावा अध्याय सांगू?

बाई : सांगा. दोन अटी. हा आपल्याच धर्मातला विचार आहे, असं म्हणून तो ओढून घ्यायचा नाही. ख्रिस्ती माणसाकडून ऐकला, असं सांगायचं. आणि आख्यानात भिंत कोणी बांधायला लावली, हे गाळायचं नाही.

बुवा : दुसरी अट अवघड आहे. गावचे पाटील पुढच्या रांगेत बसतात.

बाई : आमच्याकडे पुढच्या बाकावर पंच मंडळी बसतात. म्हणून तर म्हणते, आपलं दुखणं एक आहे.